उलटा फटका

कॅप्टन हरिश्चंद्र मयेकर बोटीवरची नोकरी संपवून रत्नागिरीजवळच्या भाट्याला कायमचे राहायला आले, आणि सामानाच्या पेट्या उघडायच्या आधी त्यांनी माणसं लावून वाडीतल्या मांगराच्या छपरावरची माडाची कुजकी झापं काढायला घेतली. आत त्यांची गाडी होती. दोन माणसांची, बसकी, तारांच्या चाकांची विलायती गाडी. मागचा भाग निमुळता होत टोकाला जुळलेला, म्हणून भाट्यातले लोक तिला गाडी म्हणतच नसत, होडी म्हणत. एक्कावन्न साली देश सोडून चाललेल्या एका गोऱ्या साहेबाकडून कॅप्टननी ती मुंबईत घेतली होती आणि आंबा घाट उतरून स्वतः चालवत रत्नागिरीला आणली होती. रजेवर आले की शर्यतीला निघाल्यासारखे मांडवीच्या रस्त्याने भरधाव जायचे. पुढे रजा कमी झाल्या, गाडी मांगरात गेली, आणि तिच्या गादीत उंदरांनी संसार थाटला.

शहरातले दोन फिटर येऊन पाहून गेले. दोघांचं म्हणणं एकच पडलं. इंजिन मेलंय, अँबॅसॅडरचं इंजिन बसवू, वरचा लाकडी सांगाडा काढून पत्रा मारू, गाडी सुसाट पळेल. कॅप्टननी दोघांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

"पळणारी गाडी हवी असती तर मारुतीला नंबर नसता का लावला?" ते बायकोला म्हणाले.

तिसरा आला तो महिपत शिवगण. माळनाक्याला त्याचं लहानसं गॅरेज होतं. त्याआधी बरीच वर्षं तो एस.टी.च्या वर्कशॉपात होता. महिपतने बोलण्यात वेळ घालवला नाही. प्लग काढले, चारी सिलिंडरांत तेल ओतलं आणि उद्या येतो म्हणून सायकलवर बसून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने पुढचं हँडल घालून हळूच दाबलं. इंजिन जड कुरकुरलं आणि बोटभर फिरलं.

"हेच इंजिन चालेल, साहेब."

"बाकीचे तर मेलंय म्हणाले."

"त्यांना मेहनत नको असेल."

हे बोलताना महिपतच्या आवाजात जी घमेंड होती ती कॅप्टनना आवडली. त्यांनी त्याला एकच अट घातली. मोडलेलं असेल ते सांधायचं, अगदीच नाइलाज झाल्याशिवाय फेकायचं काही नाही. "मी पोरवयात ज्या बोटीवर लागलो, तिचे मुंबईला दारूखान्याच्या भंगारात तुकडे करताना मी उभा राहून पाहिलेत," ते म्हणाले. "हिला वाचवायची तर ती हीच राहिली पाहिजे. वर नाव तेच आणि आत सगळं दुसरं, असं नको."

महिपतच्या ते डोक्यात बसलं. पुढे पुढे तर कॅप्टनपेक्षा तोच जास्त हट्टी झाला. गंजलेला बोल्ट नवीन घालता आला असता, तो रॉकेलात भिजत ठेवून सोडवायचा, घासायचा आणि तोच परत लावायचा. घासलेल्या बेअरिंगांत मिरकरवाड्याच्या एका लेथवाल्याकडून पुन्हा व्हाइट मेटल ओतून घेतलं. कार्बोरेटरमधल्या पितळी फ्लोटला भोक होतं, ते त्याने डाग देऊन बुजवलं. कॅप्टन कधी म्हणायचे, अरे, एवढं नवीन घातलंस तरी चालेल, तेव्हा महिपत त्यांना त्यांचीच अट ऐकवायचा.

सांगाड्यासाठी त्याने सदूला आणलं.

सदू मेस्त्री भाट्यातलाच. होड्या बांधणाऱ्यांचं घर, बापापासून हत्यार हातात. महिपत लांज्याकडच्या गावातून पहिल्यांदा रत्नागिरीत आला तेव्हा राहायला जागा नव्हती. सदूच्या बापाने त्याला आपल्या ओटीवर पथारी टाकू दिली आणि उमेदवारीची दोन वर्षं तो त्याच घरी जेवला. तेव्हापासून दोघं एकमेकांना भाऊच मानत. सदूची बायको राही महिपतला भावोजी म्हणायची.

सदूने गाडीभोवती एक फेरी मारली, सांगाड्यावर ताणलेलं फाटकं कापड उचकटून आत हात घातला आणि हसला.

"लाकूड आपल्याकडलं नाय. पण बांधणी बघ, होडीचीच हाय. लोक खोटं नाय म्हणत."

जिथे लाकूड कुजलं होतं तेवढंच त्याने कापलं. बाकीच्याला तिरका सांधा देऊन उंडीच्या लाकडाचा तुकडा असा बसवला की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. गाडीच्या निमुळत्या शेपटाच्या आतल्या एका फळीवर पेन्सिलीने काही आकडे लिहिलेले निघाले. कोणा विलायती सुताराने माप टिपून ठेवलेलं. सदूने त्या फळीवर रंधा मारला नाही. "त्याचं राहू दे त्याच्याजवळ," म्हणाला, आणि आकडे झाकणार नाहीत असा सांधा बाजूने घेतला.

त्या हिवाळ्यात मांगरात त्या दोघांइतके सुखी कोणी नसेल. राही दुपारची भाकरी आणि कालवण घेऊन यायची. जेवताना सदू गाडीच्या पायरीवर बसायचा आणि महिपत चाकाला टेकून. एकाने दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची, दुसऱ्याने ती सव्याज परत करायची, असं चालायचं.

जानेवारीत इंजिन जुळून तयार झालं. विजेचा स्टार्टर तेवढा जळलेला होता. तो वाइंडिंगसाठी मुंबईला धाडला होता आणि यायला उशीर लागणार होता. कॅप्टन म्हणाले, काही घाई नाही, येऊ दे. पण त्याच सुमारास त्यांच्याकडे मुंबईचे एक पाहुणे उतरले. जुन्या गाड्यांचा शौक असलेले गृहस्थ, स्वतःच्या दारात तसल्या तीन गाड्या. त्यांनी होडी पाहिली, कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, "शोभेला उत्तम. पण हे इंजिन काही सुरू व्हायचं नाही. तुमच्या मेकॅनिकला म्हणावं वाईट वाटून घेऊ नको."

महिपत तिथेच कापडाला हात पुसत उभा होता.

"स्टार्टर कशाला हवा?" तो म्हणाला. "हँडल मारून आत्ता सुरू करतो."

त्या गाडीच्या स्टिअरिंगजवळ एक लहानशी दांडी होती. इंजिनातल्या ठिणगीची वेळ तिने पुढेमागे करायची. हँडल मारताना दांडी मागे हवी, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. इंजिन सुरू होऊन वेगात आलं की दांडी पुढे घ्यायची. पुढे घेतलेली असताना हँडल मारलं तर इंजिन उलटा फटका देतं, हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर येतं. महिपतला हे पाठ होतं. सदूलाही त्याने नीट समजावून सांगितलं. हँडल खालून वर ओढायचं. अंगठा मुठीत घ्यायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. महिपत गाडीत बसला, कारण चोक आणि दांडी सांभाळायला जाणता माणूस हवा. सदू पुढे गेला, कारण दंडाचं काम होतं.

सदूने हँडल ओढलं. इंजिन फुसफुसलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. दम खाऊन तो मारत राहिला, कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. एकदा धूर आला, एक खोकला आला आणि सगळं थंड.

पाहुणे कॅप्टनना हळू आवाजात म्हणाले, पण महिपतला ऐकू गेलंच, "सांगितलं ना मी. अँबॅसॅडरचंच घाला."

महिपतची कानशिलं तापली. त्याच्या मनात आलं, दांडी थोडी पुढे घेतली तर पकडेल. अगदी थोडी. एकदा पकडलं की झालं. सदूला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर सदूने विचारलं असतं, का रे, आणि पाहुण्यांसमोर त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. महिपतने दांडी पुढे सरकवली.

"मार!" तो ओरडला.

इंजिनाने एकच दणका दिला आणि हँडल उलटं फिरलं. सदू ओरडला नाही. तो मागे बसल्यासारखा खाली बसला आणि उजव्या हाताकडे बघत राहिला. मनगटाच्या वर हात भलत्याच ठिकाणी वाकला होता.

महिपत गाडीतून उडी मारून बाहेर आला. पण त्याआधी, दाराकडे वळता वळता, त्याच्या हाताने ती दांडी मागे ओढली होती. हे त्याने ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. पण केलं त्यानेच, आणि करताना त्याला कळत होतं.

"अंगठा आत धरला असणार," पाहुणे म्हणाले. "नवशिक्यांचं असंच होतं."

कॅप्टन गाडीच्या बाजूला उभे होते. त्यांनी महिपतकडे पाहिलं. "महिपत, दांडी मागे होती ना?"

"मागेच आहे, साहेब," महिपत म्हणाला. "बघा ना."

पाहुण्यांच्या फियाटमध्ये घालून सदूला हॉस्पिटलात नेलं. दोन्ही हाडं मोडली होती आणि मनगटातली बारीक हाडं चुरली होती. डॉक्टरांनी होण्यासारखं होतं ते सगळं केलं आणि प्लास्टर घातलं. महिपत बाकावर बसून होता. राही धावत आली. तिला काय झालं ते महिपतनेच सांगितलं. हँडल उलटं आलं, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सदू उशीला टेकून बसला होता. महिपतला पाहताच म्हणाला, "तुझं काम अडवलं बघ मी."

"गप रे."

"तू बजावून सांगितलं होतंस, अंगठा बाहेर ठेव. मला वाटतं बाहेरच होता. पण ते पाहुणे कशाला खोटं बोलतील? दमलो होतो, तेव्हा आत गेला असंल. धसमुसळेपणा झाला."

महिपतने प्लास्टरकडे पाहिलं. अंगठा प्लास्टरबाहेर आला होता, शाबूत. सूजसुद्धा नव्हती त्याला. अंगठा मुठीत असता तर सगळ्यात आधी तोच मोडला असता. सदूने हँडल बरोबर धरलं होतं. हे त्या खोलीत एकट्या महिपतला कळत होतं. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात राही म्हणाली, "भावोजी, तुम्ही तरी सांगा हो यांना. काल धरून हेच चाललंय. आपलं आपल्याला दोष देत बसलेत."

"सांगतो, वैनी," महिपत म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या भरायला बाहेर गेला.

त्या दिवशी राहिलं ते राहिलंच. आज सांगू म्हणता म्हणता प्लास्टर निघालं. हात सरळ दिसत होता, पण तळवा वळत नव्हता आणि मूठ आवळत नव्हती. सदूने घरी येऊन पहिल्यांदा वाकस उचलायला घेतला. लाकूड तासायचं ते हत्यार त्याच्या घरात आजोबांपासून होतं. तो बोटांतून निसटून अंगणात पडला. सदूने डाव्या हाताने उचलून तो आत नेऊन ठेवला.

महिपत रोज जाऊ लागला. गॅरेज बंद केलं की सायकल भाट्याकडे वळायची. सदूच्या घरची लाकडं फोडून दे, विहिरीचा रहाट दुरुस्त कर, बंदरावरून बांगडे घेऊन जा. राहीला अवघडल्यासारखं व्हायचं. शेजारपाजारचे म्हणायचे, मित्र असावा तर महिपतसारखा. सदूची म्हातारी चुलती सोनूबाई तर एकदा त्याच्या गालावरून हात फिरवून त्याला औक्षवंत हो म्हणाली. महिपत त्या दिवशी घरी जाऊन जेवला नाही. बायकोने, गोदाने, विचारलं तेव्हा पोटात दुखतंय म्हणाला. 

गाडीचं काम मात्र थांबलं नव्हतं. शेपटाची शेवटची बरगडी तेवढी बसवायची राहिली होती. कॅप्टन म्हणाले, दुसरा सुतार बघू. सदू तयार होईना.

"माझं काम मी पुरं करणार. हात महिपतचे घेईन."

मग सदू स्टुलावर बसून सांगायचा आणि महिपत करायचा. लोखंडाला सरावलेला महिपतचा हात लाकडावर भलताच जोर करी. एक तुकडा फुकट गेला, दुसरा फाटला. सदू चिडला नाही. "लाकडाला विचारत जा रे, दामटू नको," एवढंच म्हणायचा. शेवटी जी बरगडी बसली ती एका अंगाला जाड राहिली होती. सदूने डाव्या हाताची बोटं तिच्यावरून फिरवली, जाड अंगाशी पुन्हा नेली आणि म्हणाला, "चालंल. वर कापड येणार हाय."

त्याच्या हयातीत त्याने असलं काम चालेल म्हटलं नव्हतं.

शिमगा झाल्यावर स्टार्टर आला. कॅप्टननी स्वतः बटण दाबलं आणि होडी सुरू झाली. तोच तिचा जुना, घशातून काढल्यासारखा घोगरा आवाज. कॅप्टनच्या बायकोने, सगुणाबाईंनी, कुंकू लावून नारळ फोडला. पत्र्याला रंग नवा दिला नव्हता, होता तोच घासून पॉलिश केला होता. जिथे उडाला होता तिथे उडालेलाच ठेवला होता. गाडी नवी दिसत नव्हती. तरणीताठी असताना होती तशी जागी झाली होती, एवढंच.

"पहिली फेरी सदूची," कॅप्टन म्हणाले.

सदू त्यांच्या शेजारी बसला, उजवा हात मांडीवर डाव्याने धरून. सुरूच्या बनाच्या कडेकडेने गाडी गेली आणि परत आली. उतरताना सदूचा चेहरा पोरासारखा फुलला होता. "महिपत्या, काय पळते रे!" तो ओरडला. लोक हसत होते. महिपत विहिरीवर गेला आणि स्वच्छ असलेले हात साबण लावून धूत बसला.

दोन दिवसांनी तो कॅप्टनकडे गेला.

"साहेब, ती टायमिंगची दांडी मी पक्की करून टाकतो. मागेच राहील अशी. हलायलाच नको."

कॅप्टन पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवलं. "गाडी मग नीट ओढणार नाही. आणि मूळ वस्तूला हात लावायचा नाही हे मला रोज ऐकवणारा तूच ना?"

"माणसाचा हात गेलाय, साहेब."

"तो हँडल चुकीचं धरल्यामुळे गेला. असंच ठरलंय ना?"

महिपत खाली बघत उभा राहिला. कॅप्टननी वर्तमानपत्राची घडी घातली.

"मी बाजूलाच उभा होतो," ते म्हणाले. "तू दांडी पुढे घेतलीस ते मला दिसलं. मागे ओढलीस तेही दिसलं."

महिपतने मान वर केली. "मग तुम्ही विचारलंत का मला? सगळ्यांसमोर?"

"तू काय सांगतोस ते बघायला. तू खोटं बोललास, आणि खरं सांगू का, मला बरं वाटलं. खरं बोलला असतास तर तू त्या मांगरात पुन्हा पाऊल टाकलं नसतंस. गाडी तशीच पडली असती. मला ती चालू व्हायला हवी होती." त्यांनी चष्मा काढला. "बोटीवर एखाद्या खलाशाला असं झालं असतं आणि मी गप्प राहिलो असतो, तर माझं मला तोंड दाखवता आलं नसतं. इथे राहिलो. तुझ्या आडून राहिलो."

"मी सदूला सांगणार आहे," महिपत म्हणाला. हे आपण खरंच बोललो यावर त्याचा विश्वास बसला नाही.

"माझंही सांग."

तो तसाच सदूच्या घरी गेला. सदू ओटीवर बसून डाव्या हाताने नारळाचा काथ्या सोलायची खटपट करत होता. राही तांदूळ निवडत होती. महिपत उभ्यानेच बोलला. बसलो तर सांगणं होणार नाही असं त्याला वाटलं. पाहुण्यांचं बोलणं, दांडी पुढे घेणं, मागे ओढणं, शाबूत अंगठा, कॅप्टन, सगळं सांगितलं. राहीचा सुपातला हात थांबला.

सदू ऐकत राहिला. मग त्याने एकच विचारलं.

"म्हणजे अंगठा बाहेरच होता?"

"बाहेरच होता."

"आणि तुला हॉस्पिटलातच ठाऊक होतं?"

"होतं."

सदूने काथ्या बाजूला ठेवला. "हात गेला त्याचं काय नाय. हँडल तू मारलं असतंस तर तुझा गेला असता. पण मी, मेल्या, उठता बसता या हाताला शिव्या घातल्या. बापाने शिकवलेला हात. चुलतभाऊ तोंडावर म्हणाला, मेस्त्रीला साधं हँडल धरता येईना, आणि मी मान खाली घातली. तू तिथंच बसला होतास. बांगडे घेऊन आला होतास."

महिपतला आठवलं. त्या दिवशी तो बांगडे घेऊन आला होता आणि चुलतभावाचं बोलणं त्याने ऐकून घेतलं होतं.

"सदू, मी..."

"जा आता. माझ्याच्याने तुझ्याकडे बघवत नाय."

महिपतने राहीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. तिने सूप उचललं आणि आत गेली. जाताना दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन स्वतः सदूकडे गेले. त्याने त्यांना बसायला पाट दिला, बोलणं ऐकून घेतलं आणि पुन्हा काथ्या सोलायला घेतला. चुलतभावाला मात्र त्याने बोलावून घेतलं आणि काय झालं ते सांगितलं. गावभर व्हायला मग वेळ लागला नाही. माळनाक्याच्या गॅरेजात येणाऱ्या भाट्यातल्या स्कुटरी बंद झाल्या. सोनूबाई बाजारात समोरून आली आणि महिपत दिसताच तिने रस्ता ओलांडला. महिपतने कोणाशी वाद घातला नाही. गोदाला तेवढं वाईट वाटत होतं, पण तीही त्याला म्हणाली, "आधी सांगायचं होतंत."

"हो," तो म्हणाला.

दिवाळीनंतर मुंबईच्या त्या पाहुण्यांच्या आग्रहावरून कॅप्टन होडी घेऊन मुंबईला जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात गेले. तिथे गाडीजवळ फलक लावायचा होता, कोणी काय काम केलं ते लिहायचं होतं. महिपत म्हणाला, माझं नाव घालू नका. सदूचा निरोप आला, माझं घाला, पण एकट्याचं. कॅप्टननी तसंच केलं. हे ऐकून महिपतला कितीतरी दिवसांनी थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली.

सदूने मग भाट्यातलं घर बंद ठेवलं आणि राहीला घेऊन राजापूरकडच्या नाट्याच्या बंदरावर गेला. तिथे भागोजी नावाचा एक मच्छीमार मोठा ट्रॉलर बांधून घेत होता. सदूला हत्यार चालवता येत नव्हतं, पण नजर आणि माप कुठे गेलं नव्हतं. चार सुतार त्याच्या हाताखाली काम करू लागले. हे महिपतला इकडून तिकडून कळायचं. विचारायचं धाडस त्याला नव्हतं.

वर्ष उलटून गेल्यावर, शहाऐंशीच्या मे महिन्यात भागोजीचा माणूस गॅरेजात आला. ट्रॉलरवर डिझेल इंजिन बसवायचं होतं, महिपतला बोलावलं होतं.

"कोणी बोलावलंय?"

"मेस्त्रींनी."

महिपत पहाटेच्या गाडीने राजापूरला आणि तिथून दुसऱ्या गाडीने नाट्याला पोचला. किनाऱ्यावर टेकू लावून ट्रॉलर उभा होता. सदू त्याच्या सावलीत उभा राहून एका सुताराला काहीतरी दाखवत होता. केस पांढरे झाले होते. उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता. महिपतला पाहून तो दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

"दुसरा फिटर मिळाला नाय," सदू म्हणाला. "राजापूरचा एक आला होता, त्याने इंजिन वाकडं बसवलं. म्हणून तुला बोलावलं. दुसरं काय समजू नको."

"नाही समजत."

"शिडी तिकडं हाय."

दिवसभर महिपत ट्रॉलरच्या पोटात होता. राजापूरच्या माणसाने कसलेले बोल्ट सोडवले, इंजिन साखळीवर उचलून घेतलं, खालचे लाकडी ओंडके पुन्हा मापात आणले. लागेल ते सदू वरून विचारायचा आणि महिपत उत्तर द्यायचा. इंजिन, शाफ्ट, पंखा. यापलीकडे शब्द नाही. दुपारी राही जेवण घेऊन आली. तिने महिपतचं पान वाढलं, भात वाढला, आणखी हवा का विचारलं. भावोजी म्हणाली नाही.

उन्हं कलली तेव्हा सदू शिडी उतरून आत आला. डाव्या हातात दोरी घेऊन त्याने इंजिनाच्या तोंडापासून शाफ्टच्या भोकापर्यंत धरली, एक डोळा मिटला आणि बघत राहिला.

"उजव्या अंगाला सूतभर वर हाय."

महिपतने वाकून पाहिलं. त्याला काही दिसलं नाही. त्याने पान्हा घेतला आणि बोल्ट परत सैल केले.

"आज होणार नाही हे," तो म्हणाला.

"नाय होणार. उद्या ये. भागोजीकडे झोपायची सोय केली हाय."

"येतो."

सदू शिडीपाशी गेला. एक हात कामाचा नसल्यामुळे त्याला चढायला जरा वेळ लागत होता. महिपत आधार द्यायला पुढे झाला, मग थांबला. सदूने वळून पाहिलं नाही. वर पोचल्यावर तो सुतारांना हाका मारू लागला, उद्यासाठी फळ्या कुठल्या काढायच्या ते सांगू लागला. महिपत खाली बसून हत्यारं एकेक करून पुसत राहिला.